एलियादादांनी लिहून दिलेल्या दोन ओळी

सायमनबाबूंनी एलियादादांना फसवलं. बोलणी वाडीला माझ्या आवारात झाली, चहा माझा होता, शब्द सायमनबाबूंचा होता आणि सही एलियादादांची. सही घेतली गेली, शब्द पाळला गेला नाही. मी आयुष्यभर जुने ट्रक घेतले आणि तोडून विकले. फुटलेल्या इंजिनावर रंग मारून ते माझ्या गळ्यात घालणारे पुष्कळ भेटले, मीही काही साधू नव्हतो. पण आम्ही एकमेकांना फसवलं ते लोखंडात. सायमनबाबूंनी एका म्हाताऱ्याला त्याच्या बायकोशेजारच्या सहा फूट मातीत फसवलं, आणि ते आजही आमच्या ख्रिस्ती मंडळीत पहिल्या बाकावर बसतात.

एलियादादा रेल्वेच्या कारखान्यात लोहार होते. मंडळीत ते पंच, आणि शिस्तीचं रजिस्टर त्यांच्याकडे. रविवारी धंदा करणारा, दारू पिणारा, मूर्तीपुढचा प्रसाद खाणारा, मंडळीबाहेर लग्न करणारा, अशा सगळ्यांची नावं त्या लाल कापडी पाठीच्या रजिस्टरात. नाव चढलं की माणसाने शेवटच्या बाकावर बसायचं. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला त्याच्या पुढून जाणार, त्याने हात लावायचा नाही. रजिस्टरच्या पहिल्या चार पानांवर नियम होते आणि ते सगळे एलियादादांनीच, मंडळी नवी असताना, आपल्या जाड्या अक्षरात लिहिले होते.

दादा नुसती नावं लिहीत नसत. आधी मारत, मग लिहीत. घण मारून मारून त्यांची बोटं अशी झाली होती की मूठ पूर्ण मिटत नसे. शास्त्रातल्या देवाच्या दहा आज्ञांवरून वस्तीतले लोक त्यांना ‘दहा आज्ञा’ म्हणत, प्रत्येक बोटाला एक. दारूच्या दुकानापुढे कोणी ख्रिस्ती दिसला की लांबून आवाज यायचा, “पळ गा, दहा आज्ञा येऊन राहिल्या.” दादांना हे नाव माहीत होतं. त्यांना ते आवडत असावं.

माझी त्यांची ओळख मारामारीतूनच झाली. माझा बाप उमरेडचा विणकर. प्रभूकडे आला आणि भावकीने त्याचा माग अंगणात आणून कुऱ्हाडीने फोडला. मी नागपूरला आलो तो ट्रकवर क्लीनर म्हणून. सात वर्षांत वाडीला अमरावती रस्त्यावर तारेचं कुंपण घातलेलं आवार भाड्याने घेतलं. तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि कोणाच्या बापाला भीत नव्हतो. एका रविवारी सकाळी मी एका उलटलेल्या ट्रकचं छप्पर कापत होतो. सोमवारी माल उचलायला माणूस येणार होता. दादा फाटकातून आत आले. पांढरा शर्ट, बगलेत पवित्र शास्त्र.

“बाप्तिस्मा झाला ना तुहा?”

“झाला.”

“मग आज काहून काम करून राहिला?”

“दादा, पोट रविवारी सुट्टी नाही घेत.”

त्यांनी शास्त्र ट्रकच्या बॉनेटवर जपून ठेवलं, त्यावर रुमाल टाकला, आणि माझ्या कानाखाली अशी दिली की मी चाकावर जाऊन पडलो. उठलो तो हातात पाना घेऊनच. मी त्यांच्या खांद्यावर पाना मारला. त्यांनी माझा दात पाडला. माझ्या दोन मजुरांनी आम्हाला सोडवलं तेव्हा त्यांच्या शर्टाला माझं रक्त होतं आणि माझ्या बनियनला त्यांचं.

मी तोंड धुतलं आणि म्हणालो, “उद्या माल गेला नाही तर माझा सौदा तुटतो. तो तुमच्यामुळे तुटला. देवाच्या नावाने नुकसान करायचं आणि निघून जायचं, हे तुमच्या कोणत्या आज्ञेत आहे?”

ते उभे राहिले. विचार करत होते, खरोखर. मग म्हणाले, “उद्या पहाटे येतो.”

आणि आले. कारखान्यातून रजा टाकून आले. दुखऱ्या खांद्याने दुपारपर्यंत माझं छप्पर कापून दिलं, आणि माझ्या मजुरांपेक्षा चांगलं कापलं. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले. जाताना सांगितलं, “तुहं नाव मी रजिस्टरात लिहिलं आहे, दान्या. शेवटच्या बाकावर बसशील.” मी हसलो. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली असं मी धरतो. ते काय धरत होते, कोण जाणे. पण माझं नाव त्यांनी खोडलं नाही ते नाहीच. मी पुढची वीस वर्षं रविवारी काम करत राहिलो आणि शेवटच्या बाकावर बसत राहिलो. प्रवचन तिथूनही ऐकू येतं.

त्यांची बायको सलोमीबाई बारीक अंगाची, सतत पुटपुटत हसणारी. वस्तीतला प्रत्येक माणूस दादांचा मार खाऊन तिच्याकडे हळद लावायला जाई. ती मार खाल्लेल्याला विचारायची, “कोणती आज्ञा मोडली गा तू?” तो सांगे, चौथी, रविवारी काम केलं. ती म्हणे, “चौथीचा हात जड आहे त्याचा. थांब, तेल गरम करते.” असं घर होतं ते.

सलोमीबाईंना विषमज्वर झाला. शेजारच्या घरची बाई, हिंदू, सलोमीबाईंच्या जिवाभावाची. दोघींचं पंचवीस वर्षं चूल ते चूल जाणं-येणं. तिने देवळातून मंतरलेला काळा दोरा आणला आणि सलोमीबाईंच्या मनगटाला बांधला. सलोमीबाईंनी बांधू दिला. दादा कामावरून आले, त्यांनी दोरा पाहिला. सोडला नाही, ओढला. दोरा पक्का होता आणि मनगटाचं नुसतं हाड उरलं होतं. कातडं कापलं गेलं. शेजारीण रडत घरी गेली. सलोमीबाई एवढंच म्हणाल्या, “तिचं मन राखलं होतं मी.” चौथ्या दिवशी त्या गेल्या. शवपेटीत ठेवल्या तेव्हा मनगटावर पट्टी होती.

मंडळीच्या कब्रस्तानात त्यांच्या शेजारची जागा दादांनी आपल्या नावाने नोंदवून घेतली. पाळकांनी तशी नोंद केली, सायमनबाबूंनी साक्ष घातली. सायमनबाबू म्हणजे मुख्य पंच, कचेरीतले कारकून, कधी आवाज न चढवणारे. हातात नेहमी छत्री. दादा मारायचे आणि सायमनबाबू समजावायचे, म्हणून लोकांना सायमनबाबू भले वाटायचे. मलाही वाटायचे.

त्यानंतर दादांचा हात थंडावला असं नाही, पण मारून झाल्यावर ते माझ्याकडे येऊन बसू लागले. एकदा असेच रेडिएटरच्या ढिगावर बसले होते. म्हणाले, “दान्या, नियम मले रोज सांगते का मी कुठं चुकलो. बरोबर सांगते, एक अक्षर खोटं नाही. पण पडल्यावर कोणाचा हात धरून उठाचं, थे नाही सांगत.”

मी म्हटलं, “मग विश्वास काय सांगतो?”

“थो काहीच नाही सांगत. थो हात देते.” मग आपली वाकडी बोटं पाहत म्हणाले, “थो दोरा तिच्या हाताले राहू देल्ला असता, तं देव काय मले खाऊन टाकनार होता?”

मी उठून फाटकाकडे गेलो. एक गिऱ्हाईक आलं होतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. रविवार, दुपारचं ऊन. मंडळीत प्रभुभोजन झालं होतं आणि त्यातली भाकर व द्राक्षारस घेऊन दादा वाडीत एका आजारी म्हातारीकडे निघाले होते. पाळकांनी आशीर्वाद दिलेली, प्रभूचं शरीर मानलेली भाकर अंथरुणावरच्या माणसाकडे पंचाने न्यायची, अशी आमच्यात रीत आहे. पितळी डबीत भाकर, छोट्या बाटलीत रस, दोन्ही पांढऱ्या फडक्यात.

माझ्या आवाराच्या समोरच एका ट्रकने सायकलवाल्याला चिरडलं. सायकलवाला जागीच गेला. ट्रकवाला पोरगा कुही तालुक्याचा, धानाची पोती घेऊन आलेला, मिशी नुकती फुटलेली. तो पळाला नाही, गाडी थांबवून खाली उतरला, ही त्याची चूक. पाच मिनिटांत शे-दीडशे माणूस जमलं. आधी हातांनी मारलं. मग ते माझ्या कुंपणातून हात घालून कमानीचे पाटे ओढायला लागले, ट्रकच्या चाकांवर असतात ते. माझं लोखंड. मी ओरडलो नाही. मी मजुरांना आत घेतलं आणि फाटकाला साखळी लावली. फाटकाच्या फटीतून बघत उभा राहिलो. हे मी कोणी विचारण्याआधी सांगतो.

दादा गर्दीत शिरले. साठी उलटलेला माणूस. पहिल्याला त्यांनी मानेला धरून मागे फेकला. दुसऱ्याच्या तोंडावर ती न मिटणारी मूठ बसली आणि तो खालीच बसला. तिसऱ्याच्या हातातला पाटा त्यांनी हिसकला, पण चौथ्याने मागून मारला आणि दादांचा डावा कान अर्धा लोंबला. तेव्हा ते पोराच्या अंगावर पालथे पडले. दोन्ही कोपरं टेकून, त्याला खाली झाकून. पाठीवर किती पडले मी मोजले नाहीत. आवाज यायचा, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा.

पोरगा पाणी मागत होता. दादांनी मान वळवली, त्यांना फाटकाची फट दिसत होती आणि फटीत मी. “दान्या, पाणी आण.” मी साखळीला हात लावला. काढली नाही.

मग त्यांनी फडकं सोडलं. डबी उघडली. भाकरीचा तुकडा त्यांनी पोराच्या फुटलेल्या ओठात घातला आणि वर बाटली लावली. पोराने विचारलं, “काय आहे, बाबा?” मी ते स्पष्ट ऐकलं, कारण तोवर मारणाऱ्यांचे हात थकले होते.

दादा म्हणाले, “तुह्यासाठीच आहे. खा.”

पोलीस आले तेव्हा लोक पांगले. पोरगा दवाखान्याच्या वाटेत मेला. दादांच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या. तो कान पुढे नीट बसलाच नाही.

महिन्याने पंचांची बैठक झाली. मुद्दा साधा होता. बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजन द्यायचं नाही, हा नियम. पाळकांच्या आज्ञेवाचून पंचाने कोणाला द्यायचं नाही, हा दुसरा. दोन्ही दादांच्या अक्षरात लिहिलेले. सायमनबाबूंनी त्यांना सोपी वाट दाखवली. म्हणाले, पाणी नव्हतं म्हणून तहानेला रस दिला, एवढं म्हणा. प्रथमोपचार झाला. विषय संपला.

दादा म्हणाले, “मी त्याले प्रभूचं शरीर देल्लं. पाणी म्हणून नाही देल्लं.”

“एलियादादा, तो हिंदू होता.”

“मरून राहिला होता थो. जात विचाराले वेळ नव्हता.”

“पण त्याचा विश्वास होता का?”

“माहा होता,” दादा म्हणाले. “एका मानसाचा दोघाले पुरला.”

त्यांनी स्वतःच रजिस्टर ओढलं, स्वतःचं नाव लिहिलं, खाली तारीख टाकली, आणि पुढच्या रविवारी माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर येऊन बसले. “सरक,” म्हणाले. चार वर्षं आम्ही तिथे बसलो. भाकरीचं ताट पुढून जायचं, ते डोळे मिटून घ्यायचे. मला राग यायचा, मी ताट नेणाऱ्याकडे रोखून बघायचो. एकदा दादांनी कोपर मारलं, “त्याच्याकडं काहून पाहतो? नियम बरोबर आहे. मी बी बरोबर आहो. आता हे देवानं पाहावं.”

मग त्यांची छाती बिघडली. डॉक्टरांनी सांगितलं, वर्ष निघालं तर नशीब. दादांना मरणाची भीती नव्हती. एकाच गोष्टीची होती. शिस्तीखाली, म्हणजे नाव रजिस्टरात असताना, मेलेल्याला कब्रस्तानाच्या रांगेत जागा मिळत नाही, त्याला बाहेरच्या भिंतीलगत पुरतात. सलोमीबाई आतल्या रांगेत होत्या. दादा मला म्हणाले, “तिच्याशी एक बोलनं राहिलं आहे. दूर झोपून कसा बोलू?”

मी सौदे करणारा माणूस. मी सायमनबाबूंना आवारात बोलावलं. रजिस्टर घेऊनच या म्हटलं, घेऊन आले. दादा होते, मी होतो. मी विचारलं, काय लिहून हवं? सायमनबाबू म्हणाले, दोनच ओळी. मी जे दिलं ते तहानेला दिलं, प्रभुभोजन म्हणून दिलं नाही. माझ्या बोलण्याने मंडळीत गैरसमज झाला त्याचा पश्चात्ताप करतो. चिठ्ठी रविवारी वाचू, मंडळी हात वर करील, नाव खोडू.

दादा म्हणाले, “मग त्या पोराले मी काय देल्लं? दारू?”

मीच त्यांना समजावलं. मी म्हटलं, पोरगा मेला, त्याला जे मिळालं ते मिळालं, तुमच्या कागदाने ते परत येत नाही. मी अर्धा तास बोललो. गिऱ्हाइकाला ट्रक गळ्यात घालताना बोलतो तसा.

तेव्हा दादांनी रजिस्टरकडे बोट दाखवलं. “बाबू, माहा एक नियम आहे आत. चिठ्ठी वाचल्यावर एक वर्ष परीक्षा. वर्षभर थो मानूस शिस्तीखालीच धराचा. मले वर्ष नाही.”

सायमनबाबूंनी रजिस्टरवर हात ठेवला. डावा नाही, उजवा. म्हणाले, “नियमाचं मी पाहतो. मी शब्द देतो. जागा सलोमीबाईंशेजारीच.”

दादा त्यांच्या हाताकडे बघत राहिले. आयुष्यभर त्या माणसाने लिहिलेलं मानलं. मार दिला तो लिहिलेल्यासाठी, बायकोचं मनगट कापलं ते लिहिलेल्यासाठी. एकदाच तो लिहिलेलं सोडून माणसाच्या तोंडच्या शब्दावर गेला. त्यांनी सही केली. पेन मला परत देताना म्हणाले, “खोटं लिहिलं गा, दान्या.”

चिठ्ठी वाचली गेली. हात वर झाले. तीन महिन्यांनी दादा गेले.

मी माझे चार मजूर घेऊन सकाळीच कब्रस्तानात गेलो आणि सलोमीबाईंच्या शेजारी खड्डा घ्यायला लावला. गुडघाभर खणलं असेल तेव्हा सायमनबाबू आले, छत्री घेऊन, सोबत दहा-बारा जण. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि दादांचाच नियम दादांच्याच अक्षरात वाचून दाखवला. एक वर्ष परीक्षा. वर्ष झालेलं नाही.

मी म्हटलं, “तुम्ही शब्द दिला होता.”

ते म्हणाले, “दानियल, शब्द मी व्यक्ती म्हणून दिला असेन. नियम मंडळीचा आहे. आणि केला कोणी? आम्ही तर फक्त पाळतो आहोत.”

मी त्यांच्यावर धावलो. मध्ये त्यांचा जावई आला, फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यावर बसला. त्यांच्यातल्या कोणीतरी मला घमेलं मारलं, त्याची खूण भुवईवर आहे. माझे मजूर कुदळी घेऊन उभे राहिले, समोरून दगड आले. दोन कबरींचे क्रूस मोडले. पेटी उन्हात, जमिनीवर. पाळक मधे उभे राहून रडत होते. दुपार झाली तरी पेटी तिथेच. तिच्या फटीत मुंग्या जाताना मी पाहिल्या आणि कुदळ खाली टाकली. मुंग्यांनी माझा सौदा मोडला. दादा भिंतीलगत गेले. मी खणलेला खड्डा सायमनबाबूंच्या माणसांनी संध्याकाळपर्यंत बुजवून टाकला.

पण मला दादा दिसतात ते पेटीत नाही. सही केल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी कुहीकडून येणाऱ्या बसच्या थांब्यावर उभा होतो, एका गाडीच्या मालकाला घ्यायला. बसमधून दादा उतरले. ओठ फाटलेला, शर्टाची बटणं गेलेली, एक डोळा बंद. मी धावलो. विचारलं, कोणी मारलं?

ते त्या पोराच्या घरी गेले होते. त्याच्या मोठ्या भावाला सांगायला, की मरताना तुझ्या भावाला मी एक वस्तू दिली होती आणि आता लिहून देऊन ती परत घेतली, तर मला क्षमा कर. भावाला एवढंच कळलं की हा म्हातारा त्या दिवशी तिथे होता. त्याने बैलाच्या कासऱ्याने मारलं. सारं गाव बघत होतं.

“तुम्ही हात नाही उचलला?”

“काहून उचलू?” ते म्हणाले. फाटक्या ओठाने हसता येईना, तरी हसत होते. “पोटभर मारलं त्यानं. मग त्याच्या मायनं पानी देल्लं. बरं वाटलं गा.” माझा हात बाजूला करून, एका डोळ्याने रस्ता बघत, ते ट्रकांमधून चालत पलीकडे गेले.

सायमनबाबू, तुम्ही हे वाचाल. वाचून कोणीतरी तुम्हाला आणून देईलच. मी फाटकाला साखळी लावली होती, माझ्या लोखंडाने तो पोरगा मेला, आणि मी एलियादादांना खोट्यावर सही करायला लावली. ही तिन्ही माझ्या नावावर धरा. मंडळी सांगेल त्या दिवशी मी पुढे उभा राहून ती बोलतो. पण तुमचं एक आहे. येत्या रविवारी पहिल्या बाकावरून उठा, मंडळीकडे तोंड करा, आणि सांगा: रजिस्टरवर उजवा हात ठेवून तुम्ही त्या माणसाला शब्द दिला होता की नव्हता? नियम मला वाचून दाखवू नका, तो मला पाठ आहे. दिला होता की नव्हता, तेवढं बोला.